अराकूच्या डोंगरातली कॉफी पॅरिसला पोचली. वाशिमच्या कास्तकारासाठी त्यात काय आहे?

वाशिम : सोयाबीनचा ढीग बाजार समितीच्या ओट्यावर पडतो. व्यापारी मूठभर दाणे हातात घेतो, मॉइश्चर लावतो, हर्रास होते, काटा होतो. त्यानंतर तो माल गोदामात जातो आणि दहा गावच्या मालात मिसळतो. कोणाच्या वावरातला, कोणत्या गावचा, कोणी दोनदा चाळणी मारून आणलेला, हे सगळं तिथंच संपतं. पुढं तो फक्त 'सोयाबीन' असतो आणि त्याचा भाव हजारो किलोमीटर दूरच्या बाजारावर हलतो. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता, तरी अनेकांनी त्याच्या खालीच माल दिला, हे जिल्ह्यातल्या कास्तकाराला वेगळं सांगायला नको.

असाच ढिगात हरवणारा एक माल म्हणजे कॉफी. पण आंध्र प्रदेशातल्या डोंगरात एक-दोन एकरवाल्या आदिवासी शेतकऱ्यांनी आपली कॉफी ढिगातून बाहेर काढली, तिला गावाचं नाव चिकटवलं आणि ती पॅरिसच्या दुकानात त्याच नावानं विकली जाऊ लागली. हे कसं झालं, त्यात खरं किती, आणि आपल्याकडं त्यातलं काय लागू पडतं, ते समजून घेऊ.

चिखलदरा माहीत आहे, अराकू कुठं?

कॉफी म्हटलं की आपल्याकडच्या लोकांना आधी चिखलदरा आठवतो. पावसाळ्यात परतवाड्याहून घाट चढून गेलेल्यांनी तिथं कॉफीची झाडं पाहिलेली असतात, एखादं पाकीटही घरी आणलेलं असतं. समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपास असलेलं हे ठिकाण महाराष्ट्रात कॉफी पिकवणारं म्हणून ओळखलं जातं. पण तिथली कॉफी फार थोडी. देशाच्या कॉफीत कर्नाटकाचा वाटा एकट्याचाच सुमारे ७० टक्के. त्यानंतर केरळ आणि तामिळनाडू. महाराष्ट्राचं नाव त्या हिशोबात जवळपास येतच नाही.

अराकू खोरं आहे पूर्व घाटात, विशाखापट्टणमपासून सुमारे ११५ किलोमीटरवर. २०२२ पासून हा भाग अल्लुरी सीताराम राजू या नव्या जिल्ह्यात येतो, जिल्ह्याचं ठिकाण पाडेरू. उंची साधारण ९०० ते ११०० मीटर. बगता, कोंडदोरा, कोंध, वाल्मिकी अशा आदिवासी जमाती इथं राहतात. पूर्वी डोंगराचा तुकडा तोडायचा, जाळायचा, दोन-तीन वर्षं पेरायचं आणि पुढं सरकायचं, अशी 'पोडू' नावाची फिरती शेती चालायची. जंगल उघडं पडत होतं आणि पोटही भरत नव्हतं. म्हणून सरकारी यंत्रणेनं आदिवासी कुटुंबांना सावलीतल्या कॉफीकडं वळवलं. कॉफीला सावली लागते, त्यामुळं झाडं तोडण्याऐवजी जगवावी लागतात. त्याच झाडांवर मिरीचे वेल चढवले की आणखी थोडे पैसे येतात.

कॉफी आली, पण भाव आला नाही. बरेच जण फळं झाडावरून ओरबाडून अंगणात वाळवायचे आणि आठवडी बाजारात येईल त्या दरानं व्यापाऱ्याला द्यायचे. झाड वेगळं, पण गोष्ट आपलीच.

आधी देशभरची कॉफी एकाच ढिगात

ही फक्त अराकूची अडचण नव्हती. दुसऱ्या महायुद्धात निर्यात बंद पडली, तेव्हा १९४२ च्या कायद्यानं कॉफी बोर्ड उभं राहिलं. बोर्डानं सगळ्यांची कॉफी एकत्र गोळा करायची, प्रतवारी लावायची, विकायची आणि शेतकऱ्याला हप्त्याहप्त्यानं पैसे द्यायचे, अशी पद्धत अनेक वर्षं चालली. याला 'पूल' म्हणत. त्यात शेतकऱ्याला विक्रीची चिंता नव्हती, हे खरं. पण कोणत्या डोंगरातली कॉफी प्यायला चांगली लागते, हे शोधायचं कोणालाच कारण नव्हतं. चांगली निगा राखणाऱ्याची आणि न राखणाऱ्याची कॉफी एकाच पोत्यात जात होती.

१९९० च्या दशकात ही सक्ती टप्प्याटप्प्यानं उठली. शेतकरी हवं तिथं विकायला मोकळा झाला. पण मोकळा झाला म्हणजे जगाच्या बाजारापुढं एकटाही पडला. २००१-०२ च्या सुमारास जगात कॉफीचे भाव इतके पडले की अनेक देशांत तोडणीची मजुरीही निघेना. अशा वेळी ज्याच्या मालाला नुसतं 'कॉफी' एवढंच नाव, त्याच्या हातात काहीच राहत नाही. अराकूतलं पुढचं काम याच काळात सुरू झालं.

'सिंगल ओरिजिन' आणि 'स्पेशालिटी', दोन वेगळ्या गोष्टी

सिंगल ओरिजिन म्हणजे एकाच ठिकाणची कॉफी. ते ठिकाण एखादा प्रदेश असेल, एखादं गाव असेल किंवा एकाच शेतकऱ्याची बाग. अट एकच, दुसरीकडचा माल त्यात मिसळलेला नसावा आणि तो कुठून आला हे मागं जाऊन दाखवता यावं. पण सिंगल ओरिजिन आहे म्हणून कॉफी चांगलीच असेल, असं नाही. एकाच गावची खराब कॉफीही 'एकाच ठिकाणची' असते.

स्पेशालिटी हे गुणांवर ठरतं. प्रशिक्षित चाखणारे १०० पैकी गुण देतात. आजवर चालत आलेल्या पद्धतीत ८० किंवा त्यापेक्षा जास्त गुण मिळाले तर ती स्पेशालिटी. चाखायची रीतही ठरलेली आहे. साधारण सव्वाआठ ग्रॅम भरड पूड, दीडशे मिलिलिटर गरम पाणी, चार मिनिटं थांबायचं, वरचा थर चमच्यानं मोडून वास घ्यायचा आणि मग चमच्यानं सुर्रकन ओढून चव घ्यायची. दूध नाही, साखर नाही. एकाच नमुन्याचे पाच कप मांडतात, कारण एखादा आंबलेला किंवा बुरशीचा दाणा एका कपात आला तरी तो लगेच सापडतो.

म्हणजे मालाला आधी गुण लागतात आणि मग ठिकाणाचं नाव. दोन्ही असतील तरच जास्तीचा भाव. अराकूत हे दोन्ही जुळलं.

अराकूत काय बदललं?

हैदराबादच्या नांदी फाउंडेशन या संस्थेनं २००० नंतर इथल्या शेतकऱ्यांसोबत काम सुरू केलं. पुढं लहान आणि अल्पभूधारक आदिवासी शेतकऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली. दुसऱ्या बाजूनं आंध्र सरकारची गिरिजन सहकारी संस्था आणि आदिवासी विकास यंत्रणाही खरेदी, रोपं आणि प्रक्रियेत उतरल्या.

बदल ऐकायला साधे आहेत.

पहिला, फक्त लाल फळ. कॉफीचं फळ हिरव्याचं लाल होतं, पण एका फांदीवरची सगळी फळं एकदम पिकत नाहीत. नोव्हेंबर ते जानेवारीच्या दरम्यान त्याच झाडाकडं तीन-चार वेळा जावं लागतं. कपाशीची पहिली वेचणी, दुसरी वेचणी असते, तसंच. पूर्वी हिरवं-लाल सगळं एकदम ओरबाडलं जायचं. हिरव्या फळाचं बी चवीला तुरट आणि कच्चं लागतं, आणि चांगल्या फळात मिसळलं की सगळ्याची चव घालवतं. पिकलेल्या फळाला वेगळा दर मिळतो म्हटल्यावर तीन फेऱ्या मारणं परवडू लागलं. दर एकच ठेवून 'नीट तोडा' असं कितीही सांगितलं असतं, तरी कोणी ऐकलं नसतं.

दुसरा, त्याच दिवशी प्रक्रिया. तोडलेलं फळ पोत्यात रात्रभर राहिलं तर आतच आंबतं. म्हणून गावागावातून फळ गोळा करून त्याच दिवशी सामाईक ठिकाणी नेलं जातं. फळं पाण्यात टाकतात, पोकळ आणि किडकी वर तरंगतात, ती काढून टाकतात. यंत्रावर साल निघते. बियांवरचा बुळबुळीत थर काढण्यासाठी त्या बारा ते छत्तीस तास भिजत ठेवून मग स्वच्छ धुतात. पुढं उन्हात, शक्यतो जमिनीपासून उंच बांधलेल्या जाळीवर वाळवतात आणि वरखाली करत राहतात. ओलावा दहा ते बारा टक्क्यांवर आला की थांबतात. सोयाबीनलाही खरेदी केंद्रावर नियमानं १२ टक्केच ओलावा मागतात, हे इथं आठवावं. फरक एवढाच की कॉफीत ओलावा जास्त राहिला तर बुरशीची चव थेट कपात येते.

तिसरा, पोत्यावर नाव. कोणत्या गावचा माल, कोणत्या दिवशी तोडला, कधी धुतला, याची नोंद ठेवायची आणि तो शेवटपर्यंत वेगळा ठेवायचा. नंतर चाखणाऱ्यानं एखाद्या पोत्याला चांगले गुण दिले, तर ते कोणत्या वाडीचं आहे हे सापडतं. वाईट गुण आले तरी चूक कुठं झाली तेही सापडतं. २००९ पासून 'जेम्स ऑफ अराकू' ही स्पर्धा भरू लागली. बाहेरदेशीचे चाखणारे येऊन शेतकऱ्यांचे नमुने तपासतात आणि सर्वांत चांगल्या कॉफीला बक्षीस देतात. ज्या शेतकऱ्यानं आयुष्यभर कॉफी पिकवली पण कधी चाखली नव्हती, त्याला आपल्या मालाची पत पहिल्यांदा कळली.

यानंतर २०१७ मध्ये अराकू कॉफीचं दुकान पॅरिसमध्ये उघडलं. २०१८ मध्ये तिथल्याच 'प्री एपिक्युर' स्पर्धेत तिला सुवर्णपदक मिळालं. २०२१ मध्ये बंगळुरूत कॅफे सुरू झालं. जून २०२४ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये या कॉफीचा उल्लेख केला आणि २०२५ मध्ये संसदेच्या आवारात तिचे स्टॉल लागले.

एकट्याला का जमत नाही?

अराकूतल्या बहुतेक कुटुंबांकडं एक-दोन एकर कॉफी. एकरी साधारण एक ते दोन क्विंटल कोरडं बी निघतं. एक किलो कोरड्या बीसाठी पाच ते सहा किलो फळ लागतं. भाजताना पुन्हा पंधरा-वीस टक्के वजन जातं. एवढ्याशा मालासाठी कोणी परदेशातला खरेदीदार येत नाही. साल काढायचं यंत्र, धुण्याचं पाणी, वाळवायच्या जाळ्या, गोदाम आणि चाखणारा माणूस एकट्याला परवडत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. फळ दिल्याबरोबर हातात पैसे पडले नाहीत, तर शेतकरी गरजेपोटी व्यापाऱ्याकडंच जातो. जानेवारीत घरात पैसा लागतो, खरेदीदाराचे पैसे मात्र सहा महिन्यांनी येतात. मधला काळ भरून काढायला संस्थेकडं खेळतं भांडवल लागतं. आपल्याकडच्या अनेक शेतकरी उत्पादक कंपन्या नेमक्या याच ठिकाणी अडकतात.

जीआयचा शिक्का म्हणजे भाव नव्हे

२०१९ मध्ये 'अराकू व्हॅली अरेबिका'ला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळालं. त्याच वेळी कूर्ग, चिकमगळूर आणि बाबाबुदनगिरीची अरेबिका आणि वायनाडची रोबस्टा यांनाही मिळालं. जीआय म्हणजे त्या भागाबाहेरच्या मालाला ते नाव लावता येत नाही, असा कायद्याचा आधार. नोंदणी चेन्नईच्या कार्यालयात होते, दहा वर्षं चालते आणि पुढं नूतनीकरण करावं लागतं.

विदर्भ-मराठवाड्यालाही हे नवं नाही. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये, वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये आणि शेजारच्या हिंगोलीतल्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये जीआय मिळालं. पण गावाला जीआय मिळालं म्हणून प्रत्येकाला शिक्का वापरता येत नाही. त्यासाठी शेतकऱ्यानं स्वतः 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंदणी करावी लागते. नोंदणी केली तरी माल ढिगातच ओतला तर शिक्का घरीच राहतो. अराकूत आधी काम झालं, स्पर्धेतले गुण आले, दुकान उघडलं आणि मानांकन नंतर आलं. हा क्रम विसरू नये.

सगळंच गोड नाही

पॅरिसच्या दुकानातला भाव आणि डोंगरातल्या शेतकऱ्याच्या हातातला भाव यांत मोठं अंतर आहेच. भाजणं, पाकीट, वाहतूक, दुकानभाडं, जाहिरात हे सगळं मधल्या मधे जातं. अराकूची सगळीच कॉफी स्पेशालिटी होत नाही. बराच माल अजूनही साध्या कॉफीच्या दरानंच जातो.

निसर्गाची जोखीमही आहे. अरेबिकाच्या खोडात पांढरा खोडकिडा शिरतो आणि उभं झाड वाळतं. पानांवरच्या तांबेऱ्यानं १८६९ नंतर श्रीलंकेतल्या कॉफीच्या बागा संपवल्या आणि तिथं चहा आला. २०२५ मध्ये अराकूच्या काही बागांत फळ पोखरणारा भुंगेरा सापडला आणि बाधित फळं नष्ट करावी लागली. शिवाय जगाचा बाजार आहेच. फेब्रुवारी २०२५ मध्ये अरेबिकाच्या भावानं उच्चांक गाठला, कारण ब्राझीलमध्ये दुष्काळानं पीक घटलं. तिकडं पाऊस झाला की इकडं भाव उतरतो. नावाची कॉफी या हेलकाव्यातून पूर्ण सुटत नाही, पण तिला पाय टेकायला थोडी जमीन मिळते.

मग वाशिममध्ये कॉफी लावायची का?

नाही. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण मोबाइलवर 'एकरी लाखोंचं उत्पन्न' असे व्हिडिओ फिरतात आणि त्यांच्या मागोमाग रोपं विकणारे येतात. अरेबिकाला साधारण हजार मीटरच्या वरची उंची, १५ ते २५ अंशांचं हवामान, दीड हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, निचऱ्याची जमीन आणि सावली लागते. आपल्याकडं पाऊस हजार मिलिमीटरच्या आत, मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर आणि जमीन बहुतेक काळी, पाणी धरून ठेवणारी. पहिली तोडणीही तीन-चार वर्षांनी येते. रोपावर पैसे घालण्याआधी कृषी विभाग किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्यावं आणि 'हमी खरेदी'चा कागद कोणाच्या सहीचा आहे ते पाहावं.

घ्यायचं ते पीक नाही, पद्धत

सोयाबीन तेलाच्या गिरणीत जातं. तिथं गावाचं नाव कोणी विचारत नाही. त्यामुळं प्रत्येक पिकाला हे लागू होईल असं नाही. पण जे पीक थेट माणसाच्या तोंडात जातं, त्याला लागू होऊ शकतं. जिल्ह्यात हळद आहे, कारंजा-मंगरुळपीरकडं संत्रा आहे, तूर आहे आणि गेल्या काही वर्षांत रब्बीत चिया वाढला आहे. एखाद्या गटाला सुरुवात करायची असेल तर अराकूचा क्रम उपयोगी पडेल.

- गावातल्या दहा-वीस जणांनी एकच पीक आणि एकच वाण घ्यावा. काढणी आणि वाळवणीचे नियम आधी ठरवावे.
- चांगल्या आणि साध्या मालाचा दर गटातच वेगळा ठेवावा. दर वेगळा नसेल तर निगा वेगळी होत नाही.
- पोत्यावर शेतकऱ्याचं नाव, गाव आणि काढणीची तारीख लिहावी. एक वही आणि मार्कर एवढाच खर्च.
- नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. हळदीत कुरकुमिनचं प्रमाण, चियात शुद्धता आणि ओलावा, सगळ्यांतच औषधाचे अंश. 'आमचा माल चांगला' यापेक्षा कागदावरचा आकडा जास्त बोलतो.
- पहिल्या वर्षी सगळा माल अडवून ठेवू नये. थोडा वेगळा काढावा, बाकीचा बाजारात द्यावा. घरखर्च थांबत नाही.
- नाव, पाकीट आणि जीआय हे शेवटी.

कॉफीचं पाकीट घेताना

चिखलदऱ्याला गेलात किंवा ऑनलाइन मागवलीत तर पाकिटाची मागची बाजू वाचा. कॉफीत चिकोरी मिसळायला परवानगी आहे, पण ती ४९ टक्क्यांपर्यंतच, आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. कॉफी कोणत्या भागातली, अरेबिका की रोबस्टा आणि कधी भाजली, हे लिहिलेलं असेल तर विकणाऱ्याला आपला माल माहीत आहे असं समजावं. नुसतं 'प्रीमियम' लिहिलं असेल तर त्याला काही अर्थ नाही.

एक-दोन एकरवाल्या माणसानं पोत्यावर वाडीचं नाव लिहिलं आणि ते शेवटपर्यंत पुसू दिलं नाही, एवढीच अराकूची गोष्ट आहे. आपल्या ओट्यावर येणाऱ्या पोत्यांवर सध्या अडत्याचा मार्का असतो, कास्तकाराचं नाव नसतं.